तक्ते फळ्यावरून उतरवले तेव्हा

जर्मन शिकवण्याच्या पहिल्या काही वर्षांत मी विभक्तीचे तक्ते घोकून घेत असे. विद्यार्थी ते धडाधड म्हणून दाखवत, मात्र साधा प्रश्न विचारला की गप्प होत. पुढे भाषा कशी शिकली जाते याचे अमेरिकन अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांची मांडणी वाचनात आली. भाषा नियम पाठ करून नव्हे, तर आशय समजत असलेले ऐकून-वाचून अंगवळणी पडते आणि हा आशय आपल्या पातळीच्या किंचितच पुढचा असावा, असे ते म्हणतात. टेलिव्हिजनवरून हिंदी उचललेल्या मराठी मुलांना हे वेगळे सांगायला नको.

आता मी फळ्यावर कुत्रा आणि रिकामे भांडे काढते, पोटावर हात फिरवत ‘देअर हुंट हाट हुंगर’ (कुत्र्याला भूक लागली आहे) म्हणते आणि मग भांडे भरलेले आहे की रिकामे, एवढेच जर्मनमधून विचारते. उत्तराला ‘लेअर’ (रिकामे) हा एक शब्द पुरतो. मान हलवली तरी चालते. हीच गोष्ट मांजर, आजी, शेजारी अशी पात्रे बदलत फिरते आणि तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी न अडखळता ‘मिट देम हुंट’ (कुत्र्यासोबत) असे योग्य विभक्तीत म्हणून जाते.

वाचनाचे गणित अधिक कडक आहे. मदतीशिवाय वाचायचे तर मजकुरातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे हू आणि नेशन या संशोधकांच्या 2000 सालच्या अभ्यासात दिसले. त्यामुळे नवशिक्यांसाठीच्या गोष्टी मी स्वतःच लिहिते. व्याकरण पूर्णपणे सोडावे, हे मात्र मला पटत नाही. विद्यार्थ्याने विचारले की दोन मिनिटांत सांगते आणि पुन्हा कुत्र्याकडे वळते.