तुम्ही विचारलंत म्हणून: खरा भांगडा कुठला?

आमच्या सोसायटीत कुणाचं लग्न ठरलं की मला फोन येतोच. काकू, तुम्ही पंजाबात होतात ना, मग सांगा ना, संगीतला भांगडा बसवायचाय पण खरा, पारंपरिक हवाय, यूट्यूबवर तर प्रत्येकाचा वेगळाच दिसतो. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा हाच प्रश्न आला. फोनवर दोन मिनिटांत उत्तर होत नाही, म्हणून आता एकदा नीट लिहूनच टाकते.

मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही नऊ वर्षं संगरूरला होतो. महाराष्ट्रातून आलोय म्हटलं की तिथली म्हातारी माणसं लगेच म्हणायची, म्हणजे भगत नामदेवजींच्या गावाकडचे! त्यांची 61 पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे गाव त्यांचं मानलं जातं, 2015 चं आपलं साहित्य संमेलनही तिथेच झालं होतं. त्या एका नावामुळे मला कितीतरी घरांची दारं उघडली, त्यामुळे आता जे सांगतेय ते बरंचसं अंगणात बसून ऐकलेलं आहे, आणि ऐकल्यावर नाद लागला म्हणून नंतर वाचलेलं.

तर उत्तर असं की तुम्ही ज्याला पारंपरिक भांगडा म्हणता, म्हणजे तुरेवाले फेटे, सगळ्यांचे एका रंगाचे कपडे, रांगा बदलत, एकमेकांच्या खांद्यावर चढत केलेला, तो त्या रूपात साधारण सत्तर वर्षांचा आहे. हे ऐकून लोक हिरमुसतात, पण हिरमुसण्यासारखं त्यात काहीच नाहीये.

मूळचा भांगडा सगळ्या पंजाबाचा नव्हताच. तो सियालकोट, गुजरांवाला, शेखुपुरा, गुजरात (पंजाबातलाच एक जिल्हा, आपलं गुजरात राज्य नव्हे) आणि इकडे गुरदासपूर, एवढ्या पट्ट्यातला. गहू पिवळा पडायला लागला की चैतात संध्याकाळी गावाबाहेर मोकळ्या जागेत ढोली उभा राहायचा, त्याच्याभोवती पुरुष गोल करायचे, आणि हे वैशाखीपर्यंत चालायचं. प्रेक्षक वगैरे कुणी नाही, अंगावर रोजचेच कपडे, वाटेल त्याने गोलात शिरायचं आणि दमलं की बाहेर यायचं. ढोलीने काठीने इशारा केला की चाल बदलायची. बाकी ठिकाणी बाकीचे नाच होते. रावी आणि चिनाबच्या मधल्या सांदल बार भागात आणि तिकडे मुलतानकडे झुम्मर, संथ, डुलणारा, बघताना वारा लागलेलं शेत आठवावं असा. सांदल बारच्याच बायकांचा सम्मी. शिवाय लुड्डी, आणि आम्ही राहायचो त्या माळव्यात (हा पंजाबातलाच भाग, मध्य प्रदेशातला माळवा नव्हे) पुरुषांचाही गिद्धा, म्हणजे टाळ्यांवर बोल्या गात करायचा नाच, म्हातारे बाबे लोक आजही करतात.

मग 1947 आलं. भांगड्याचा बहुतेक पट्टा सीमेच्या पलीकडे गेला, तिथली हिंदू-शीख माणसं इकडे आली, इकडची मुसलमान माणसं, ज्यांत पिढ्यान्‌पिढ्या गाणारे-वाजवणारे मिरासीही होते, ती तिकडे गेली. विचार करा, नाच एका गावात, ढोली दुसऱ्या देशात, आणि ज्या शेताच्या कडेला तो नाच व्हायचा ते शेत तिसऱ्याच कुणाच्या नावावर.

फाळणीनंतर पटियालाच्या आसपासची संस्थानं मिळून पेप्सू नावाचं राज्य झालं होतं, 1956 पर्यंत होतं ते. त्या राज्यातलं सुनाम हे संगरूरहून अगदी जवळचं गाव, आम्ही बाजाराला जायचो तिथे. तिथले मनोहर दीपक आणि त्यांचे भाऊ, आणि त्यांच्यासोबत पलीकडून आलेले ढोली भाना राम, यांनी मिळून एक संच बसवला. पटियालाच्या महाराजांचा पाठिंबा मिळाला आणि 1954 च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत तो सादर झाला, पुढे दोनतीन वर्षांत ही मंडळी हिंदी सिनेमातही दिसली. स्टेजवर नुसता भांगडा ठेवून भागणार नव्हतं, म्हणून त्यात झुम्मर आला, लुड्डी आली, कसरती आल्या, एकापाठोपाठ एक असे तुकडे जोडले गेले, आणि मग कॉलेजांच्या युथ फेस्टिव्हलांनी तो साचा पक्का केला. आज आपण बघतो तो हाच. मला विचाराल तर घर सुटलेल्या माणसांनी हाताशी जे उरलं होतं ते गोळा करून केलेली ही गोष्ट आहे, आणि म्हणून मला ती फार मोलाची वाटते. खोटी तर मुळीच नाही.

आता ज्यांच्याबद्दल कुणी विचारतच नाही त्यांच्याबद्दल, म्हणजे ढोली. भाना राम बाजीगर समाजातले. आपल्याकडे डोंबारी जसे गावोगाव कसरतीचे खेळ करायचे तसा हा समाज, आणि पूर्व पंजाबातले कितीतरी नावाजलेले ढोली याच समाजातून आलेत. नाचणाऱ्यांचे फोटो छापून येतात, ट्रॉफी त्यांना मिळते, आणि ज्याच्या हातावर सगळं उभं असतं त्याचं नाव निवेदकाला माहीतही नसतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि दरवेळी वाईट वाटलंय.

आमच्या शेजारच्या बीजींच्या नातवाच्या लग्नाला जो ढोली आला होता तो वरात निघायच्या तासभर आधी येऊन कडुनिंबाखाली बसला आणि ढोलाच्या दोऱ्या ओढायला लागला. मी चहा द्यायला गेले ती तिथेच बसले. ढोल आंब्याच्या लाकडाचा होता, शिसवीचाही करतात, तो फारच जड होतो. एका तोंडाला जाड कातडं, त्याला आतून मसाला लावलेला, त्यावर डग्गा मारायचा, म्हणजे टोकाला वाकलेली जाडजूड काठी. दुसऱ्या तोंडाला पातळ कातडं (हल्ली प्लॅस्टिकचं पानही लावतात) आणि त्यावर टिल्ली, वेताची बारीक कांब, इतकी हलकी की हातात घेतली तर वजनच जाणवेना. त्याने दोन्ही माझ्या हातात दिल्या, म्हणाला वाजवून बघा ताई. मी डग्गा मारला तर ठो करून नुसता आवाज झाला, त्याने मारला तर आवाज जमिनीतून आल्यासारखा पोटात शिरला. तिथे माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे ढोल आणि ताशा अशा दोन माणसांत वाटलेलं काम तो एकटा दोन हातांनी करतोय, डग्गा म्हणजे आपला ढोल आणि टिल्ली म्हणजे ताशा. ठेका केरव्याच्या जवळचा, पण सरळ नाही, दर दोन मात्रांत जरासा झोका आहे. तो झोका गेला तर भांगड्याची पीटी होते, मशीनवर वाजवलेल्या बीटमध्ये नेमका तोच हरवतो.

बायकांचं विचारत असाल तर तिथे ढोल लागतच नाही. गिद्ध्याचं वाद्य म्हणजे टाळी, फार तर एखादी ढोलकी नाहीतर घागर. गोल करून उभं राहायचं, एकीने बोली घालायची, बोली म्हणजे दोन-चार ओळींचं गाणं, त्यात सासूपासून दिरापर्यंत, माहेरच्या आठवणीपासून नवऱ्याच्या दारूपर्यंत काहीही येतं, आणि शेवटची ओळ आली की सगळ्यांनी ती उचलायची, टाळ्या दुप्पट आणि मध्ये दोघी नाचायला उतरतात. बीजी पंच्याहत्तरीच्या पुढच्या, गुडघे गेलेले, खाटेवर बसून बोली घालायच्या, पण ती शेवटची ओळ आली की त्यांचे खांदे आपोआप उचलले जायचे. श्रावणात तीयां नावाच्या सणाला माहेरी आलेल्या पोरी झोपाळे बांधतात, गिद्धा घालतात, आणि हात तिढा घालून धरून दोघीदोघी गरगर फिरतात, त्याला किकली म्हणतात. अहो, ती फुगडीच! पहिल्यांदा बघितली तेव्हा मला मंगळागौर आठवून भरून आलं, मी चपला काढल्या आणि गोलात शिरले, आणि त्या दिवसापासून त्या गल्लीत मी परकी राहिले नाही.

वाद्यांबद्दलही विचारतात, त्यातलं तुंबीबद्दल सांगते, कारण पंजाबी गाणं म्हटलं की कानात तीच टिंगटिंग वाजते. एक तार, छोटा भोपळा नाहीतर लाकडी वाटी, वर दांडी, आपल्या तुणतुण्याची बहीण म्हणा. फरक एवढाच की तुणतुणं एकाच सुरावर राहून मागून साथ देतं आणि तुंबीवर बोट सरकवून तीनचार सुरांचा तुकडा सारखा फिरवत ठेवतात. लोकांना ती फार प्राचीन वाटते, पण जुना होता तो मोठा तुंबा, साधू-फकीर वाजवायचे तो, आणि त्याची ही लहान, तीक्ष्ण आवाजाची तुंबी घरोघर पोचली ती लालचंद यमला जट्ट यांच्यामुळे. तेही फाळणीत इकडे आलेले, लुधियानात राहिले, 1991 मध्ये गेले.

अलगोझे म्हणजे दोन बासऱ्या एकाच वेळी तोंडात धरून वाजवायच्या, आणि श्वास तुटू द्यायचा नाही, गालात हवा भरून ठेवून नाकाने आत ओढत राहायची. गुरमीत बावा चिमटा-अलगोझ्यांच्या साथीवर गायच्या, त्या गाण्याच्या सुरुवातीची लांब हाक, तिला हेक म्हणतात, एका दमात 45 सेकंद धरायच्या. 2021 मध्ये त्या गेल्या. त्यांचं काहीही मिळालं तर हेडफोन लावून ऐका, माझी विनंती आहे. सप्प (कोलॅप्सिबल शटरसारखी लाकडी जाळी, उघडझाप केली की खटाखट वाजते) आणि काटो (काठीवरची लाकडी खार, दोरी ओढली की मान हलवते) ही मुळात आमच्या माळव्यातल्या मेळ्यांतली, बाब्यांच्या गिद्ध्यातली, भांगड्यात नंतर आली.

आणि एक गोष्ट कुणीच विचारत नाही पण मराठी माणसाने ऐकायलाच हवी अशी, ती म्हणजे ढाडी, वीरांच्या कथा गाणारे तिथले शाहीर. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत फतेहगढ साहिबला साहिबजाद्यांच्या, म्हणजे गुरु गोविंदसिंगांच्या मुलांच्या, स्मरणाचा जोडमेळा भरतो, तिथे मी पहिल्यांदा ऐकले. दोघांच्या हातात ढड्ड, डमरूच्या आकाराची, एका मुठीत मावणारी, मूठ आवळली की आवाज चढतो, एक सारंगीवाला, आणि एक जण मध्येमध्ये कथा सांगणारा. उभ्याने, हात उंचावून, वरच्या पट्टीत वीरांच्या वारा गातात, वार म्हणजे वीरगाथा. मी मिस्टरांना म्हटलं, हा पोवाडा आहे! डफ-तुणतुण्याच्या जागी ढड्ड-सारंगी, बाकी तोच आवेश, तोच मध्ये थांबून गद्यात सांगायचा झटका. सहावे गुरू हरगोबिंद यांनी ढाडींना मान दिला, त्यांच्या दरबारातले दोघे प्रसिद्ध ढाडी म्हणजे नत्था आणि अब्दुल्ला. त्याच्याही आधी वार हा प्रकार इतका रुजलेला होता की ग्रंथसाहिबातल्या 22 वारांपैकी नऊ कुठल्या लोकवारेच्या चालीवर गायच्या ते वर लिहून ठेवलंय.

आता तुमच्या संगीतचं. रांगेत सोळा जणांना एकसारखं बसवायचा हट्ट सोडा. जमलं तर चांगला ढोली बोलवा, पैसे आधी ठरवा आणि ठरवलेले पूर्ण द्या, जेवायला सगळ्यांबरोबर बसवा, आणि त्याचं नाव विचारून माईकवर घ्या. डीजे अर्धा तास बंद. त्याला म्हणा आधी झुम्मर वाजव. झुम्मरला फार काही करायचं नसतं, गोलात हळूहळू पुढे सरकत खांदे आणि मनगटं सैल सोडून डुलायचं, त्यामुळे आजी-आजोबाही येतील. मग तो हळूच ठेका चढवेल, ते त्याच्यावर सोडा, त्याच्या काठीकडे बघत राहा. बायकांनी दहाएक बोल्या मराठीत रचून आणा, सासू, नणंद, विहीणबाई कुणालाही सोडू नका, शेवटची ओळ सगळ्यांना येईल अशी ठेवा. टाळ्या कशा दुप्पट करायच्या ते शिकवायला मी येते, गुरुवार सोडून कधीही बोलवा.