रोबो कापसात शिरला तेव्हा

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात मी अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स शिकवतो. कॉलेजात रोबोचं किट एकच, आणि पोरं सगळीच उतावीळ. म्हणून रोबो आधी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत, नुसता पडद्यावर चालवायचा, मगच किट कपाटातून काढायचं, असा नियम.

मोटर, बॅटरी, सेन्सर, प्रत्येकाचा वेगळा क्लास, म्हणजे त्या वस्तूचे गुण आणि कामं सांगणारा कोडमधला साचा. एकाने रोबोला मोटरचा वारस, म्हणजे मोटरचाच एक प्रकार करून टाकलं, तेव्हा शेजारच्या मुलीनेच विचारलं, "रोबो म्हणजे मोटर हाये का बे?" रोबोकडे मोटर असते, तो स्वतः मोटर नसतो, हा धडा माझ्या वाट्याला उरलाच नाही. मोटर फिरली की बॅटरी उतरायची. सेन्सर एचसी-एसआर०४ सारखा, २ सेंटिमीटर ते ४ मीटरपर्यंत अंतर सांगणारा. पडद्यावरचा रोबो भिंतीआधी थांबायचा, वळायचा. एकदाही धडकला नाही.

खरा रोबो आम्ही एका मुलाच्या घरी चालवला, कारण तिथली फरशी गुळगुळीत. खोलीत बाजारभाव चढायची वाट पाहत पडलेला कापूस, पार छताला टेकलेला. भिंतीपुढे रोबो थांबला, लोखंडी कोठीपुढे थांबला, आणि कापसात मात्र सरळ घुसला. "आंधळा हाये का बाप्पा हा?" आजी म्हणाली.

पोरांनी वायरी तपासल्या, सेल बदलले. पुन्हा तेच. मग रीडिंग छापून पाहिलं. कापसासमोर शून्य! हा सेन्सर ४० किलोहर्ट्‌झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. कापसाच्या तंतूंनी तो आवाज गिळला होता. परत काही आलं नाही, म्हणजे रस्ता मोकळा, असं कोडने धरलं.

पोरं सेन्सरच्या क्लासमध्ये 'समोर कापूस असेल तर' अशी अट घालायला बसली. त्यावर तीच मुलगी म्हणाली, "सेन्सरले काहून दोष देऊन राहिले बे तुमी? आवाज परत धाडाचा का नाही, हे तं समोरच्यानं ठरवाचं!"

आमच्या 'अडथळा' क्लासमध्ये फक्त जागा होती, गुण नव्हते. तिने त्यात 'प्रतिध्वनी' ही मेथड, म्हणजे क्लासने करायचं एक काम, घातली. भिंत आणि कापूस हे अडथळ्याचे दोन वारस. भिंत आवाज परत करते, कापूस जवळजवळ काहीच करत नाही. सेन्सर दोघांनाही एकच प्रश्न विचारतो. उद्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या काड्यांचा ढीग आला तरी सेन्सरच्या कोडला हात लावायचं काम नाही. नॉर्वेत डाल आणि नायगार्ड या संगणकशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही प्रोग्रॅमिंगची भाषा केली ती सिम्युलेशनसाठीच, म्हणजे खऱ्या गोष्टीची कॉम्प्युटरवर नक्कल करण्यासाठीच. क्लास आणि वारसा तिथूनच आले. त्यामुळे मला हे काही अभ्यासक्रमाबाहेरचं वाटत नाही, वेळापत्रकाला काहीही वाटो.

त्याच ओघात 'हवा' हाही क्लास झाला. २० अंशाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, आमच्या मे महिन्यातल्या ४५ अंशाला साधारण ३५८. जुनाच आकडा ठेवला तर २ मीटरवरची भिंत आठ-नऊ सेंटिमीटर अलीकडे दिसते.

पण कोड सुधारून खऱ्या सेन्सरला कापूस कसा दिसणार? मग रोबोच्या तोंडाशी बांबूची कामटी आणि तिच्यामागे बटण बसवलं. सिम्युलेशनमध्ये 'बंपर' क्लास आला. 'पुढे काही आहे का?' याला तोही उत्तर देतो, म्हणून रोबोची थांबायची ओळ होती तशीच राहिली. आता तो कापसाला टेकतो आणि मागे सरतो. चाकाच्या आसाला गुंडाळलेला कापूस मात्र दर वेळी चिमट्याने काढावा लागतो, त्याचा क्लास अजून कोणी लिहिलेला नाही.