चंद्रावरचं निळं आकाश

शनिवार, रात्रीचा पाऊण

आज ‘न्यूड ऑन द मून’ तिसऱ्यांदा पाहिला. १९६१ चा, अमेरिकन दिग्दर्शिका डोरिस विशमनचा. दोन शास्त्रज्ञ वारशाने आलेल्या पैशातून रॉकेट बांधून चंद्रावर उतरतात, तर तिथे आकाश निळं, झाडं हिरवीगार, आणि डोक्यावर अँटेना लावलेली, कमरेच्या वर काहीच न घातलेली माणसं उन्हात निवांत बसलेली. माणूस चंद्रावर जायला अजून आठ वर्षं होती.

नागडेपणासाठी मी हे बघत नाही. त्यात आता कामुक असं काही उरलेलंही नाही. मला धरून ठेवते ती बनवणारी बाई. १९५८ साली नवरा अचानक गेला. दिवस खायला उठायचे, म्हणून ती सिनेमाकडे वळली. बहिणीकडून पैसे उसने घेतले. कॅमेऱ्याचं शिक्षण नाही, पाठीशी स्टुडिओ नाही. १९५७ साली न्यूयॉर्कच्या कोर्टाने नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे असा निकाल दिला होता. खटला नग्नवाद्यांच्या, म्हणजे कपड्यांशिवाय एकत्र राहणाऱ्यांच्या, वसाहतीवरच्या चित्रपटाचा होता, म्हणून मग सगळे तसल्याच वसाहतींचे सिनेमे काढू लागले. हिने ती वसाहत उचलून चंद्रावर नेली, आणि न्यूयॉर्कच्या सेन्सॉरने हा सिनेमा अडवला. वसाहतीत चालतं, चंद्रावर नाही!

शूटिंग झालं फ्लोरिडातल्या कोरल कॅसलमध्ये. एड लीडस्काल्निन नावाच्या एका लॅटव्हियन माणसाने ते चुनखडीचे खडक फोडून एकट्याने उभं केलं. लग्न ठरलेल्या सोळा वर्षांच्या मुलीने ऐनवेळी नकार दिला, तिच्या आठवणीत तो आयुष्यभर दगड घडवत राहिला, असं सांगतात. दगडाचे चंद्र आहेत तिथे, दगडाच्या आरामखुर्च्या आहेत. हे कळल्यापासून मला तो सिनेमा वेगळाच दिसतो.

विशमनचे पुढचे कृष्णधवल सिनेमे मात्र जड जातात. १९६५ चा ‘बॅड गर्ल्स गो टू हेल’ मी दोनदा अर्ध्यावर बंद केला होता. इमारतीचा रखवालदार घरातल्या बाईवर हात टाकतो, ती त्याला ॲशट्रेने मारून टाकते आणि बोस्टनहून न्यूयॉर्कला पळते. तिथे आसरा देणारा जवळजवळ प्रत्येकजण तिच्या अंगाकडेच येतो. तिकीट काढणाऱ्याला नेमकं तेच बघायचं होतं आणि तेच विकलं जात होतं. हे मी नाकारत नाही, नाकारू नये.

तरी मी परत जाते, कारण आवाज. ती मुका सिनेमा काढायची आणि संवाद नंतर भरायची. बोलणाऱ्याचे ओठ जुळणार नाहीत म्हणून कोणी बोलायला लागलं की कॅमेरा भलतीकडे वळतो : ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर, चपलांवर, दिव्यावर, पडद्याच्या झालरीवर. पैसा नव्हता म्हणून केलेली ही युक्ती. पण त्या पळणाऱ्या बाईच्या गोष्टीत ती खरी वाटते. भीती वाटते तेव्हा मी स्वतः समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, फरशीकडे बघते. खोल्याही कधी कधी विशमनच्या स्वतःच्या घरातल्याच. तो सोफा, तो फोन, त्या काळचे रस्ते. मोठ्या स्टुडिओंनी इतकं साधं घर कधी पडद्यावर आणलं असतं?

हे सगळं कचऱ्यात जायचं. सिॲटलच्या माइक व्ह्रेनीने १९९० पासून अशा प्रिंट्स शोधून कॅसेटवर आणल्या, म्हणून मला दिसलं. विशमन २००२ साली गेली, नव्वदीची, शेवटपर्यंत सिनेमा काढत.

झोप येत नाहीये. एड १९५१ साली गेला. दहाच वर्षांनी एक विधवा बाई माणसं घेऊन त्याच्या दगडांत आली, त्यांच्या डोक्यांवर अँटेना चढवल्या, आणि म्हणाली असेल, हा चंद्र. उद्या पुन्हा लावून फक्त मागचे दगड बघायचे आहेत.