खालच्या खणातले दूध का गोठते?

फ्रीझरमध्ये नव्हे, तर फ्रीजच्या खालच्या खणात ठेवलेले दूध, ताक किंवा कोथिंबीर गोठू लागली की घरात पहिला निष्कर्ष निघतो तो गॅसचा. आमच्या लातुरातही मेकॅनिकने दारातूनच सांगून टाकले, “ताई, गॅस भरावा लागतोय.” गॅस कमी झाला तर थंडावा साधारणतः कमी होतो, भाजी गोठत असेल तर यंत्र थंड करण्यात कमी पडत नाही, ते वेळेवर थांबत नाही. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी शोधायचे ते एवढेच, की आपला फ्रीज तापमान नेमके कुठे मोजतो आणि तिथे त्याला काय चुकीचे कळते आहे.

एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान पाहून कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या भागाच्या, डबीतून एक बारीक तांब्याची नळी निघते आणि तिचे टोक फ्रीझरच्या ॲल्युमिनिअमच्या भिंतीला क्लिपने दाबून बसवलेले असते. याचा अर्थ असा की थर्मोस्टॅट दुधाचे किंवा भाजीचे तापमान मोजतच नाही, तो फ्रीझरच्या भिंतीचे मोजतो. खालचा खण किती थंड राहील हे त्या भिंतीकडून उतरणारी थंड हवा आणि बाहेरून आत झिरपणारी उष्णता यांच्या जमाखर्चावर ठरते. मे महिन्यात स्वयंपाकघरात 40 अंश आणि आत 4 अंश असतील तर फरक 36 अंशांचा असतो. जानेवारीच्या पहाटे तेच स्वयंपाकघर 16 अंशांवर आले की फरक उरतो 12 अंशांचा, म्हणजे आत येणारी उष्णता एक तृतीयांशावर येते. नॉब मात्र उन्हाळ्यात सातवर नेलेला असतो तो तिथेच राहतो, आणि खालचा खण हळूहळू फ्रीझरच्या तापमानाकडे सरकू लागतो. नॉबवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत, हेही इथेच सांगितले पाहिजे. बहुतेक फ्रीजमध्ये 1 म्हणजे सर्वांत कमी थंड आणि 7 म्हणजे सर्वांत जास्त, तरी ‘एकवर ठेवले की जास्त गार’ असे ठामपणे सांगणारी माणसे मला आजही भेटतात.

आमच्याकडे हा प्रकार लक्षात आला तो येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाच्या, तोंडावर. भज्जीसाठी, म्हणजे त्या दिवशीच्या मिश्र भाजीसाठी, सोललेले तुरीचे आणि वालाचे दाणे, पालेभाज्या आणि आंबिलासाठी राखलेले ताक अशी सगळी भरती एकाच वेळी झालेली होती. ताकाच्या पातेल्यावर बर्फाची पातळ पापडी धरली होती, आणि मेथीच्या जुडीचा मागच्या भिंतीला टेकलेला भाग कडक झाला होता. बाहेर ठेवल्यावर तीच पाने काळपट पडून पाणी सोडू लागली, कारण पानातल्या पाण्याचा बर्फ होताना त्याचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात. दूध साधारण उणे 0.5 अंशाला गोठते. त्यामुळे दुधाच्या पिशवीत बर्फ झाला असेल, तर त्या जागेचे तापमान बराच वेळ शून्याच्या खाली होते हे नक्की समजावे. लोणचे तिथेच शेजारी जसेच्या तसे राहते, ते मिठामुळे.

कोणता पदार्थ कुठे गोठला, हे नीट पाहिले तर अर्धे निदान तिथेच होते. फक्त फ्रीझरखालच्या चिलर ट्रेमधले गोठत असेल तर त्यात फारसे बिघडलेले नाही, ती जागा मुळातच सर्वांत थंड असते. फक्त मागच्या भिंतीला टेकलेले गोठत असेल तर पदार्थ बोटभर पुढे ओढून ठेवणे पुरते. पण अगदी तळाच्या भाजीच्या ट्रेपर्यंत सगळे गोठत असेल, तर नॉब किंवा थर्मोस्टॅट यांच्याकडेच पाहावे लागते.

तापमान मोजण्यासाठी हवेत लटकवलेल्या थर्मामीटरवर भिस्त ठेवू नये, कारण दार उघडताच हवा बदलते आणि आकडा उडी मारतो. मधल्या फळीवर पेलाभर पाणी ठेवावे, त्यात थर्मामीटर बुडवून ठेवावा आणि सकाळी, कोणी दूध काढायला दार उघडण्यापूर्वी, आकडा वाचावा. 3 ते 5 अंश असतील तर ठीक. त्याहून खाली असेल तर नॉब एकच घर मागे घ्यावा आणि पुढचे 24 तास त्याला हात लावू नये. ताप मोजण्याचा थर्मामीटर इथे चालत नाही, कारण त्याची पट्टी 30-35 अंशांच्या आसपास सुरू होते. शून्याखाली दाखवणारा साधा थर्मामीटर लागतो.

नॉब मागे घेऊनही फरक पडला नाही, तर तो शून्यावर म्हणजे बंदवर न्यावा आणि कान देऊन ऐकावे. कॉम्प्रेसर थांबला नाही, तर थर्मोस्टॅटचे आतले संपर्क चिकटलेले आहेत. तो बदलावा लागतो आणि हे काम गॅस भरण्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होते. कॉम्प्रेसर थांबला, पण एरवी फार वेळ चालतो असे दिसले, तर त्या तांब्याच्या नळीकडे वळावे. आमच्या फ्रीजमध्ये दोष शेवटी तिथेच निघाला: प्लॅस्टिकचे झाकण काढले तेव्हा नळीचे टोक क्लिपमधून निसटून भिंतीपासून जेमतेम बोटाच्या रुंदीइतके दूर झाले होते. त्याला भिंतीचा गारवा लागतच नव्हता, तुलनेने उबदार हवा लागत होती, आणि म्हणून थर्मोस्टॅटच्या लेखी फ्रीझर अजून थंड व्हायचाच होता. ते टोक पुन्हा क्लिपमध्ये दाबून बसवले. हे करताना फ्रीजचा प्लग काढलेला हवा आणि नळी दुमडता कामा नये. दुमडली की थर्मोस्टॅट गेलाच.

दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री फ्रीजचे गणित निराळे आहे. तिथे थंडावा तयार होतो तो फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड, आणि पंखा ती हवा एका वाटेने खालच्या खणात सोडतो. या वाटेवर डॅम्पर नावाची छोटी झडप असते. ती उघडीच अडकून राहिली, की फ्रीझरची हवा थेट भाजीवर येत राहते. हवेच्या जाळीसमोरच ठेवलेली काकडी गोठते आणि दारातले दूध ठीक राहते, तेव्हा आधी काकडीची जागा बदलून पाहावी आणि मगच झडपेवर संशय घ्यावा. छत्रपती संभाजीनगरला भावाच्या घरी कारण आणखीनच साधे होते: रात्रीचे गरम दूध पातेल्यासकट नेमके सेन्सरजवळच्या फळीवर ठेवले जाई, सेन्सरला सगळा फ्रीज तापल्यासारखा वाटे आणि पहाटेपर्यंत बाकीच्या फळ्यांवरच्या भाज्या कडक होत. वहिनींनी दूध ओट्यावर निववून ठेवायला सुरुवात केली आणि तक्रार मिटली.

दाराचे रबर तपासायला दहा रुपयांची नोट दारात धरून ओढून पाहावी. सहज निघून आली तर तिथून हवा शिरते आहे आणि कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. वीज जाण्यापूर्वी थंडावा साठवावा म्हणून नॉब सातवर नेण्याची सवयही आपल्याकडे आहे. तिचा उपयोग थोडा आणि विसर मोठा. त्यापेक्षा वीज गेल्यावर दार बंद ठेवणे अधिक कामाचे.

साचलेला बर्फ सुरीने किंवा उलथण्याने खरवडण्याचा मोह मात्र टाळावाच. फ्रीझरची भिंत पातळ असते, तिच्या आतूनच गॅस फिरतो आणि अलीकडच्या अनेक फ्रीजमध्ये तो आर 600ए, म्हणजे आयसोब्युटेन, असतो. तो ज्वलनशील आहे. प्लग काढून, दार उघडे ठेवून, तळाशी जुने फडके अंथरून बर्फ आपोआप वितळू द्यावा.

थंडीत नॉब तीनच्या आसपास पुरतो. होळीनंतर ऊन चढू लागले की तो एकेक घर पुढे न्यावा, आणि दर वेळी पेल्यातल्या पाण्याचा आकडा पाहूनच.