तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रीनवर हिरवं दिसतं, तरी व्हॉल्व्हपाशी कशाला जायचं?

"मॅडम, स्क्रीनवर व्हॉल्व्ह ओपन दाखवतोय. मग एवढ्या पावसात तिथवर कशाला जायचं?"

नवे अ‍ॅप्रेंटिस आले की हा प्रश्न येतोच. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या मापन-नियंत्रणाच्या कामात, २२ वर्षं काढल्यावरही मला तो रास्त वाटतो, म्हणून नीट उत्तर देते.

आधी स्क्रीनपर्यंत बातमी पोचते कशी ते पाहा. कंट्रोल रूममधून कमांड सुटते, सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या हवेच्या व्हॉल्व्हला, वीज मिळते, तो अ‍ॅक्ट्युएटरमध्ये, म्हणजे मोठा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या यंत्रात, हवा सोडतो, साधारण ५-६ बारची. आतले पिस्टन सरकतात आणि व्हॉल्व्हचा दांडा, म्हणजे स्टेम, पाव फेरा फिरतो. अ‍ॅक्ट्युएटरच्या डोक्यावर लिमिट स्विच बॉक्स बसवलेला असतो. झाकण काढलंत तर मधोमध शाफ्ट, त्यावर एकावर एक दोन दातेरी कॅम, म्हणजे स्विच दाबणाऱ्या चकत्या, आणि बाजूला दोन स्विच. कॅम स्प्रिंगवर असतो. बोटाने किंचित उचलायचा, एकेक दाता फिरवायचा, स्विचने 'टक्' केलं की सोडायचा.

एक स्विच 'पूर्ण उघडा' सांगतो, दुसरा 'पूर्ण बंद'. दोन्ही गप्प असले तर व्हॉल्व्ह मधेच कुठेतरी आहे. दोन्ही एकदम बोलू लागले तर कॅम चुकीचा लागलाय किंवा बॉक्समध्ये पाणी शिरलंय. मुंबईत जुलैमध्ये पहिला संशय पाण्यावरच घ्यावा. केबल वरून खाली उतरत ग्लँडमध्ये, म्हणजे बॉक्सच्या केबल शिरण्याच्या तोंडात, शिरत असेल आणि ग्लँड सैल असेल, तर पाणी केबलवरून ओघळत थेट टर्मिनलवर येतं, आणि महिन्याभरात तांब्याच्या तारांवर हिरवं पूट चढतं. म्हणून ग्लँडच्या आधी मी केबलला खाली झोळ द्यायला लावते. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं.

पण खरं दुखणं पाण्याचं नाही. हा बॉक्स व्हॉल्व्हवर बसलेला नाही, अ‍ॅक्ट्युएटरवर बसलाय. तो अ‍ॅक्ट्युएटर किती फिरला ते सांगतो. खालचा स्टेम त्याच्याबरोबर फिरला असणार, हे आपण मनाने धरतो. मधे दोघांना जोडणारं एक कपलिंग असतं आणि त्यावर आपला सगळा भरवसा.

मी नोकरीत नवी होते तेव्हाची गोष्ट. पूर्व उपनगरातला एक कारखाना, रात्रपाळी, कूलिंग वॉटरच्या लाइनवरचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह. कमांड दिली, स्क्रीनवर हिरवं झालं, पंप सुरू केला. फ्लो मीटर मात्र शून्यावर. सगळ्यांनी मीटरवरच बोट ठेवलं, कारण व्हॉल्व्ह तर उघडा 'दिसत' होता. वीसेक मिनिटं आम्ही मीटरच्या वायरी तपासत बसलो आणि पंप बंद व्हॉल्व्हवर धडका मारत तापत राहिला. शेवटी टॉर्च घेऊन खाली गेले. बॉक्सवरच्या गोल घुमटात पिवळा रंग, म्हणजे उघडा. मग अ‍ॅक्ट्युएटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या ब्रॅकेटच्या फटीतून आत उजेड टाकला. कपलिंग फिरलं होतं, स्टेम जागच्या जागी होता. दोघांना जोडणारी लोखंडी चावी, म्हणजे खाचेत बसणारा तुकडा, मधोमध तुटली होती. बॉक्स खोटं बोललाच नव्हता. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्याने सांगितलं.

तेव्हापासून कुठल्याही फीडबॅकला मी एकच विचारते: तू हे कुणाकडून ऐकलंस?

१९७९ साली, २८ मार्चच्या पहाटे, अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडा अडकून राहिला. पॅनलवरचा त्याचा दिवा मात्र विझलेला. तो दिवा फक्त सोलेनॉइडला वीज जाते की नाही एवढंच दाखवत होता. वीज बंद, म्हणजे व्हॉल्व्ह बंद, असं ऑपरेटरांनी धरलं. दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टीचा गाभा थंड ठेवणारं पाणी त्या वाटेने निघून जात राहिलं आणि गाभा अर्धवट वितळला. मला त्या ऑपरेटरांना दोष देववत नाही. त्यांच्या दिव्याला व्हॉल्व्ह माहीतच नव्हता, सोलेनॉइड माहीत होता.

लहानपणी चेंबूरला आमच्या गल्लीत महापालिकेचा चावीवाला यायचा. रस्त्यातलं झाकण उचलून लांब चावी खाली सोडायचा आणि तोंडाने फेरे मोजत फिरवायचा. फेरे पुरे झाले तरी निघायचा नाही. चावीच्या दांड्याला कान लावून उभा राहायचा. आम्हा पोरांना ती गंमत वाटायची. आता कळतं, फेरे त्याने मोजले होते, पाणी मात्र त्याला ऐकायचं होतं.

तेव्हा पोरांनो, कंट्रोल रूममध्ये हिरवं दिसलं की आधी फ्लो आणि प्रेशर बघा. ते जुळत नसेल तर मीटरला नावं ठेवण्याआधी खाली उतरा. ब्रॅकेटच्या फटीत टॉर्च मारा. कपलिंगवरून खाली स्टेमवर उतरणारी एक पांढरी रेघ दिसेल. दर शटडाउनमध्ये मी ती स्वतः ऑइल पेंटने ओढते. रेघ सलग असली तर खुशाल वर या आणि मीटर उघडा. कपलिंगपाशी तुटलेली दिसली, तर तिथूनच फोन करा आणि पंप थांबवायला सांगा.