तारा घट्ट केल्याचा दिवस

आज दातांच्या तारा घट्ट करून आले. पस्तिशीत सुचलेलं खूळ! डॉक्टर म्हणाले, दात ज्या बाजूला सरकतो तिथलं हाड विरघळतं, मागे नवं भरतं. एक-दोन दिवस ठणका राहणारच. म्हणून रात्री गुरगुट्या भात. मेथीला हातच लावला नाही. ती दातांवर चिकटवलेल्या, तार धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटमध्ये मुक्काम ठोकते, मग बेसिनपाशी बारका ब्रश घेऊन खोदकाम.

नंतर नवरोबा लाडात आला. म्हटलं, थांब, मागची तार टोचतेय. मेणाची गोळी मळून त्यावर दाबली, मग अलगद ओठ टेकले. तेवढ्यात त्याला हसू फुटलं, मलाही. आणि हसलं की गाल आतून सोलवटतो! (तारा अडकतात म्हणे चुंबन घेताना. कशात? त्याला तर ताराच नाहीत!) मेण संपत आलंय, उद्या आणायला हवं.