सावित्रीनंतरची पूलतपासणी

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्यांसह काही वाहने वाहून गेली. नवा पूल वर्षभराच्या आत उभा राहिला, हे कौतुकास्पदच. परंतु जुन्या पुलाच्या तपासणीची नोंद कोणी, कशी ठेवली, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पुलांची पाहणी व्हावी, असा शिरस्ता आहे. कोकणात मात्र खरा धोका पाण्याखाली असतो: पुराच्या वेगाने खांबाच्या पायाभोवतीची माती खरवडून निघते आणि वरून गाडी हाकणाऱ्याला, किंबहुना कठड्यावरून वाकून पाहणाऱ्या अभियंत्यालाही, त्याचा पत्ता लागत नाही. आमच्या खाडीपुलाच्या सांध्यात पिंपळाचे रोप मनगटाएवढे झाले आहे, काँक्रीटचे पापुद्रे सुटून खाऱ्या हवेने गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. कठड्याला रंग तेवढा दरवर्षी नेमाने लागतो.

सार्वजनिक बांधकाम विभागाने प्रत्येक पुलाचा तपासणी अहवाल, तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.